गॅलपचा आकडा एका वर्षात ५५ वरून ३० टक्के: मत बदललं की आणखी काही?

तळटीप:
अमेरिकेत स्थलांतर कमी करावं असं म्हणणारे गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत जून २०२४ मध्ये ५५ टक्के होते, जून २०२५ मध्ये ३० टक्के. प्रश्न तोच, संस्था तीच. मत इतकं चंचल असतं का? की चाचणीतच काही गडबड आहे? स्थलांतरावरच्या राजकीय प्रचाराबद्दल लिहितोय. हा आकडा कसा वापरू?

उंबरठा:
नमुन्याची चूक नाही. हजारभर लोकांच्या चाचणीत भारांकन (नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना दिलेलं कमी-जास्त वजन) धरून चुकीसाठी साधारण ±४ टक्के-अंक सोडतात, दोन चाचण्यांमधल्या फरकाला ±५-६. पंचवीस अंक त्यात मावत नाहीत.

आता प्रश्न वाचा. स्थलांतर सध्याच्या पातळीवर ठेवावं, वाढवावं की कमी करावं, असा तो आहे. सगळी गोम 'सध्याच्या' या शब्दात. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात दक्षिण सीमेवर गस्ती दलाने जवळजवळ अडीच लाख वेळा लोकांना अडवलं होतं. जून २०२५ मध्ये हाच आकडा सहा हजारांच्या आसपास होता. मोजपट्टीचं शून्यच सरकलं, त्यामुळे मत तेच राहूनही उत्तर बदलतं. रिपब्लिकन मतदारांत 'कमी करा' म्हणणारे ८८ वरून ४८ टक्क्यांवर आले. ते उदारमतवादी झाले असं कृपया लिहू नका. हवं ते झालं, आता पुरे, असं म्हणणारे त्यात बरेच असणार.

राज्यशास्त्रज्ञ ख्रिस्टोफर व्लेझिन यांनी १९९५ मध्ये याला थर्मोस्टॅटची उपमा दिली: धोरण एका बाजूला गेलं की लोकमत दुसऱ्या बाजूला झुकतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही तेच दिसलं. २०२० मध्ये 'वाढवा' ३४ टक्के, 'कमी करा' २८. १९६५ पासून विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नात असं पहिल्यांदाच घडलं. बायडन आल्यावर काटा परत फिरला.

उलटतपासणी:
अर्धंच पटलं. त्याच पाहणीत 'स्थलांतर देशासाठी चांगलं आहे' म्हणणारे ६४ वरून ७९ टक्के झाले आणि बेकायदा राहणाऱ्या सगळ्यांना हद्दपार करण्याला पाठिंबा ४७ वरून ३८ वर आला. या प्रश्नांत 'सध्याची पातळी' कुठे आहे? इथे शून्य सरकल्याचं कारण चालत नाही.

उंबरठा:
बरोबर, तिथे माझं पहिलं स्पष्टीकरण लागू पडत नाही. थर्मोस्टॅट मात्र लागू पडतो. विरोधात असताना 'सगळ्यांना बाहेर काढू' ही घोषणा असते. सत्तेत आल्यावर तिचे छापे होतात, अटका होतात आणि त्या टीव्हीवर दिसतात.

मतपेटी:
प्रचाराबद्दल विचारलंय म्हणून ब्रिटनचं उदाहरण. स्थलांतराविषयीची मूळ मतं हळू बदलतात. झपाट्याने बदलतं ते या प्रश्नाचं महत्त्व, म्हणजे 'देशापुढचे सर्वांत मोठे प्रश्न कोणते' याच्या उत्तरात त्याचा क्रमांक. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमताआधी तो अगदी वर होता, नंतर वेगाने खाली आला. प्रचार बहुधा मन वळवत नाही. आधीपासून असलेलं मत मतदानाच्या दिवशी डोक्यात वर आणून ठेवतो, आणि तेवढं पुरतं.

बिघडतं ते सरकारच आकड्याचं वचन देतं तेव्हा. २०१० मध्ये पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्या वर्षी निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वर्षाला एक लाखाच्या आत आणू म्हटलं. युरोपीय संघातून येणाऱ्यांना अडवण्याची सोयच हातात नव्हती, आणि देश सोडून किती जावेत हे कोण ठरवणार? जून २०१५ ला संपलेल्या वर्षात आकडा निघाला ३,३६,०००. दर तिमाहीला अपयशाची बातमी, तीही स्वतःच्या खर्चाने.

नंतरचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं 'बोटी थांबवू' त्याहून फसलेलं. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणारे २०२२ मधल्या ४५ हजारांवरून २०२३ मध्ये २९ हजारांवर आले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त घट. पण घोषणेत 'कमी करू' नव्हतं, 'थांबवू' होतं. बहुसंख्य लोक तर कामाच्या आणि शिक्षणाच्या रीतसर व्हिसावर येत होते. सगळी चर्चा बोटींवर. या दोघांच्या हुजूर पक्षाने स्वतःच वाढवलेल्या चर्चेचा फायदा उजवीकडच्या नव्या पक्षाला झाला.

उलटतपासणी:
लेखात आकडा टाकण्याआधी मूळ प्रश्नावली उघडा, बातमीवर थांबू नका. 'सहमत की असहमत' अशा प्रश्नात 'सहमत' बहुधा फुगतं. हद्दपारीचा प्रश्न एकटा विचारला तर पाठिंबा जास्त. 'अटी पाळल्या तर नागरिकत्व' हा पर्याय शेजारी ठेवला की तो घसरतो. वीस वर्षं राहिलेला, मुलं तिथेच जन्मलेली, असा तपशील घातला की आणखी. त्याआधीचा प्रश्न गुन्हेगारीचा होता की कामगारटंचाईचा, हेही बघा. उपगटाचे टक्के जपून: १५० जणांच्या गटात चूक भारांकनाआधीच ±८ अंक.

आणि वाचकांना स्थलांतरितांचं खरं प्रमाण सांगून मत बदलेल अशी आशा नको. लोक ते प्रमाण खूप फुगवून सांगतात हे खरं. पण हॉपकिन्स, साइड्स आणि सिट्रिन या राज्यशास्त्रज्ञांच्या अमेरिकेतल्या प्रयोगांत खरा आकडा कळल्यावर अंदाज सुधारला, धोरणाबद्दलचं मत जवळजवळ तिथेच राहिलं.

तळटीप:
मग वाक्य असं करतो: 'त्या वेळच्या पातळीपेक्षा स्थलांतर कमी व्हावं असं म्हणणारे जून २०२४ मध्ये ५५ टक्के होते, सीमेवरची आवक कोसळल्यानंतर जून २०२५ मध्ये ३०.' चालेल?

उंबरठा:
चालेल. 'जैसे थे' म्हणणारे ३८ टक्केही त्याच वाक्यात घ्या. नाहीतर उरलेल्या ७० टक्क्यांना स्थलांतर वाढायला हवंय असं वाचलं जाईल. 'वाढवा' म्हणणारे फक्त २६ होते.