पीट सीगरची कार्नेगी हॉलची मैफल : तुमच्यापर्यंत कशी पोचली?

लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर काल २६ जानेवारीच्या तालमीचा व्हिडिओ आला. मैदानभर पोरं, माइकची शिट्टी, आणि 'हम होंगे कामयाब'. हे ज्यावरून आलं ते इंग्रजी 'वी शॅल ओव्हरकम' मामाच्या कॅसेटवर होतं, ऐकता ऐकता ती आठवली. मामा बोटीवर होता. सुट्टीला आला की देवगडच्या घरात सेंट, चॉकलेटं, निळ्या डब्यातली बिस्किटं. एकदा मला एक कॅसेट दिली, वर बॉलपेनने 'पीट सीगर, कार्नेगी हॉल' एवढंच. सीगर म्हणजे अमेरिकन लोकगायक. कोणाच्या तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं.

मैफल ८ जून १९६३ची, न्यूयॉर्कची. स्टेजवर एकच माणूस, एक बँजो, एक बारा तारांची गिटार. मागे ना ड्रम ना कोणी साथीला. महिन्याभरापूर्वीच अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅममध्ये काळ्यांच्या हक्कांसाठीच्या मोर्चातल्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती, बंबाचं पाणी मारलं होतं. आणि मैफलीनंतर चारच दिवसांनी त्याच लढ्यातले पुढारी मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. हे सगळं मी फार नंतर वाचलं. कॅसेटमध्ये फक्त ऐकू यायचं की हॉल खच्चून भरलाय आणि सगळे गातायत.

मला ही मैफल आवडते ती लोकांसाठी. सीगरचा आवाज काही फार गोड वगैरे नाही. पण पुढची ओळ तो गाण्याच्या मधेच पटकन बोलून टाकतो, लोक ती उचलतात, आणि हा आपला वरच्या सुरात निघून जातो. कीर्तनात बुवा चाल सोडून देतात आणि मंडप गातो, तसंच.

तुमच्याकडे कोणी ऐकली आहे का? कशी मिळाली, कुठे ऐकली, लिहा. सलग चांगलं नाही लिहिलं तरी चालेल, मीही कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय.

बॅटरी_डाऊन
'जाने भी दो यारों'चा शेवट बघितल्यापासून मला हे गाणं सरळ तोंडाने म्हणता येत नाही. शाळेत शिक्षा झालीये त्यापायी.

सुलभामावशी
आम्ही सेवा दलाच्या शिबिरात म्हणायचो गं. शेवटच्या रात्री गोल करून, हात गुंफून. निम्म्या मुली रडायच्या, उरलेल्या त्यांना हसायच्या. ते इंग्रजी गाणं मुलाने खूप नंतर ऐकवलं, माझ्या साठीला. सगळे शब्द नाही समजले, पण ते 'भीती नाही'वालं कडवं लागलं आणि मी भाजी निवडायची थांबले. त्या कडव्याआधी तो काहीतरी बोलतो, ते मुलाने समजावून सांगितलं. म्हणतो, हे कडवं माँटगोमेरीच्या, त्याच लढ्यातल्या लोकांचं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. मोठी माणसं जमवून घ्यायला शिकली होती, पोरांनी त्यांना धडा दिला. आपल्या हिंदीतही ते कडवं आहे, पण आम्ही ते नेहमी तिसऱ्या नंबरला, दमल्यावर म्हणायचो.
शिबिरातली खिचडी मात्र अजून विसरले नाही. निम्मी करपलेली.

चहाटळ
मावशी, कुठलं शिबिर? माझी आई पण जायची, खिचडीचं अगदी हेच सांगते!

सुलभामावशी
मालवणचं एक, आणि पुण्याजवळ एक. आईचं माहेरचं आडनाव काय? इथे नको, निरोपात कळव.

खडूस_काका
सगळं ठीक आहे, पण हे गृहस्थ कम्युनिस्ट होते हे कोणी लिहिणार आहे की नाही?

पोस्टमन
काका, होते. नंतर पक्ष सोडला. १९५५ला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावलं, तेव्हा 'माझी मतं, माझे मित्र हे विचारायचा तुम्हाला हक्क नाही' असं सांगून बसले. बाकीचे बरेच जण स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचं कलम पुढे करायचे, हे तेही करायला तयार नव्हते. १९६१ला एक वर्षाची शिक्षा झाली, १९६२मध्ये वरच्या कोर्टात ती उडाली. म्हणजे ही मैफल त्यानंतर वर्षभराने. टीव्हीवाले अजून दारात उभे करत नव्हते. हॉलमधले लोक इतक्या ताकदीने का गातायत, त्याचं निम्मं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

खडूस_काका
बरं. गाणी चांगली आहेत हे मी नाकारलेलं नाही.

अर्धवट
माझं आवडतं 'लिटल बॉक्सेस'. डोंगरावर एकसारखी खोकी, त्यात एकसारखे डॉक्टर-वकील. लोक हसतात ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. माल्विना रेनॉल्ड्स नावाच्या बाईंनी लिहिलंय, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला डेली सिटीच्या टेकड्यांवरची घरं बघून. मी हिंजवडीला चौदाव्या मजल्यावरच्या खोक्यात बसून ऐकतो. खाली पाण्याचा टँकर हॉर्न देतोय. ईएमआय चालू.

बॅटरी_डाऊन
चौदावा? म्हणजे पार्किंग सुटसुटीत असेल.

अर्धवट
पार्किंगचा विषय काढू नकोस, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

राजेहो
मले तं हा गडी माईतच नोता. पण बँजो म्हणता म्हणजे आमच्या गणपतीतली बेंजो पार्टी तं नाही ना? त्याच्यावर 'वी शॅल ओव्हरकम' वाजवलं तं विसर्जनाले मजा यीन.

नीलकांती
राजेहो :) नाही, ते आपलं बटणं दाबून वाजवायचं. हा गोल, चामडं ताणलेला, पाच तारांचा. सीगरचा तर आणखी लांब दांड्याचा, तीन पडदे जास्तीचे. ती त्यानेच काढलेली युक्ती, म्हणजे आपल्या आवाजाला सोयीच्या खालच्या पट्टीत वाजवता येतं. चामड्यावर गोल लिहिलेलं असायचं की हे यंत्र द्वेषाला वेढा घालतं आणि शरण यायला लावतं. त्याचा जुना सोबती, गायक वुडी गथ्री, त्याच्या गिटारवर फॅसिस्टांना मारणारं यंत्र असं होतं, याने आपलं वेढा घालण्यावर भागवलं.
मी एक सेकंडहँड बँजो घेतला होता. शेजारच्यांनी वेढा घातला.

हडसनकाठचा
मी मैफल ऐकली नंतर, माणूस आधी बघितला. पोकिप्सीच्या बाजूला नोकरीला होतो. रूट ९वर, वॅपिंगर्स फॉल्सजवळ, शनिवारी काही म्हातारी माणसं युद्धाविरुद्ध पाट्या घेऊन उभी असायची. त्यात एक उंच, किडकिडीत, लोकरीची टोपी घातलेला आजोबा. हातात 'पीस' लिहिलेली पाटी. थंडी अशी की मी गाडीची काच खाली करत नव्हतो. बायको म्हणाली अरे हा तोच, बँजोवाला. जवळच बीकनला डोंगरावर स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहायचे. हडसन नदी साफ व्हावी म्हणून १९६९मध्ये क्लिअरवॉटर नावाची शिडाची बोट पाण्यात उतरवली, तिच्यासाठीही गाणी म्हणत फिरायचे.
त्या संध्याकाळी घरी येऊन मैफल लावली. नव्वदीकडे झुकलेला तो माणूस आणि चव्वेचाळिशीतला हा आवाज. मला दोन्ही एकत्र बसवता येईनात. २०१४च्या जानेवारीत गेले, तेव्हा मी भारतात परतलो होतो.

चहाटळ
काच खाली का नाही केलीत हो??

हडसनकाठचा
सिग्नल हिरवा झाला.

रात्रपाळी
नर्स आहे. वॉर्ड शांत झाला की एका कानात 'ग्वांतानामेरा'. होसे मार्ती या क्यूबन कवीच्या ओळी. मधेच तो त्यांचा अर्थ इंग्रजीत सांगतो. क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-क्यूबा जुंपायची वेळ आली होती ती १९६२च्या ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर आठ महिन्यांत न्यूयॉर्कचं पब्लिक स्पॅनिशमध्ये क्यूबाचं गाणं म्हणतंय.
बाबा याच वॉर्डात होते शेवटी. त्यांना इंग्रजी गाणी आवडायची नाहीत, हे एक चालायचं. बेल वाजली, येते.

सुलभामावशी
काळजी घे बाळा. रात्रीचं काहीतरी खात जा.

पोस्टमन
काला घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली दोन सीडींची पूर्ण मैफल आहे माझ्याकडे. १९६३च्या रेकॉर्डवर बरीच गाणी गाळलेली होती, १९८९मध्ये सगळी आली. पूर्ण ऐका. मुष्टियोद्धा डेव्ही मूर त्याच मार्चमध्ये मार खाऊन मेला होता, त्याच्यावरचं बॉब डिलनचं गाणं आहे, आणि थोड्या वेळाने चक्क पोरांची गाणी. त्या क्रमातच मजा आहे. सुटी सुटी ऐकून ती कळत नाही.

झुळूक
जोन बाएझचा आवाज कितीतरी सरस. बास, एवढंच.

खडूस_काका
+१

धागाकर्ती
झुळूक, आवाज सरस आहेच. पण बाएझ गायला लागली की मी गप्प बसून ऐकते. याच्याबरोबर मी गाते, आणि आमच्या घरी माझ्या गाण्याला अजून कोणी हो म्हटलेलं नाही.
रात्रपाळी, निवांत झालीस की बाबांबद्दल लिही.
एक विचारायचं राहिलं. मामाची कॅसेट आहे, पण डेक फिरत नाही, नुसता गुरगुरतो. पुण्यात कोणी दुरुस्त करतं का?

अर्धवट
बेल्ट गेला असणार. बुधवारात तपकीर गल्लीत विचारा, पासोड्या विठोबाच्या बाजूने आत. जुना बेल्ट सोबत न्या, मापाला लागतो.