दसऱ्याच्या रात्री १५ माणसं, पुरणपोळी ठरलीय, ताटात बाकी काय काय करू?

मिरजकर तिकटीची सून:

नमस्कार मंडळी. यंदा दसऱ्याचं रात्रीचं जेवण आमच्यात, कोल्हापुरात आहे. नणंद पुण्याहून येणार नवरा-पोरांसकट, चुलत सासरे आणि त्यांच्या घरची, आम्ही घरातली, सगळी मिळून १५ माणसं होतायत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं त्या खुर्चीत बसून सांगणार आणि ओट्यापाशी मी आणि जाऊबाई.

पुरणपोळी ठरलेलीच आहे, त्यावर चर्चा नाही. प्रश्न आहे तो बाजूच्या पदार्थांचा. सासूबाईंनी यादी सांगितली ती अशी: कटाची आमटी, बटाट्याची पिवळी भाजी, भरली वांगी, मसालेभात आणि साधा भात दोन्ही, काकडीची कोशिंबीर, अळूवडी, कोथिंबीर वडी, कसलीतरी भजी, कुरडया, पापड, सांडगी मिरची, शेंगदाण्याची चटणी, पंचामृत, वर गुळवणी. लिहून घेतानाच दमले.

घरात शेगड्या दोन. सकाळी घट हलणार, मग नैवेद्य, त्यामुळं दिवसभर कांदा-लसूण नाही, आणि आमच्यात कांदा-लसूण चटणीच्या डब्यात हात घातल्याशिवाय एक भाजी होत नाही हो. नणंदेचे यजमान गेल्या वर्षी आमटी पिऊन "छान आहे, पथ्याची आहे का?" असं विचारून गेलेत, ते सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. आणि संध्याकाळी सगळी दसरा चौकात जाणार, मला पण जायचंय, दरवर्षी मी घरात पुऱ्या तळत बसते आणि बाकीचे सोनं लुटून येतात, यंदा नाही म्हणजे नाही.

तर यातलं काय ठेवू, काय काढू, आणि आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? नवरा म्हणतोय मटण कर, सगळे प्रश्न मिटतील. त्याला मी मंडईत पाठवणार आहे.

हलगी:

वैनी, दादांचं म्हणणं ऐका. मटणाचा तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, संपला विषय.

खासबागची काकी:

अगं त्याचं ऐकू नको, तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवशी आहेच, नणंद काय लगेच जाणार नाही. ज्यांच्यात खंडेनवमीला असतं त्यांच्यात असतं, पण घट हलल्यावर पुरणाचाच नैवेद्य म्हटल्यावर पुरणच.

आता तुझी यादी. वाईट काहीच नाही त्यात पण सगळं एकाच जातीचं झालंय बघ. पुरण मऊ, बटाटा मऊ, वांगी मऊ, दोन-दोन भात मऊ. आणि गोड किती, पोळी गोड, गुळवणी गोड, पंचामृतात गूळ, अळूवडीत पण तुम्ही गूळ घालणारच. पोळीबरोबर जीभ मागते काय तर काहीतरी झणझणीत पातळ, काहीतरी कुरकुरीत आणि काहीतरी आंबट गार. हे तीन असलं की ताट झालं, बाकी सगळं हौसेचं.

म्हणून माझं म्हणणं असं की आमटी, बटाट्याची भाजी (पोरं तेवढीच खातात), एक हिरवी भाजी, कोशिंबीर, एक वडी, कुरडया आणि सांडगी मिरची. वांगी काढ. कांदा-लसणाशिवाय भरली वांगी शेंगदाण्या-तिळाच्या कुटात होतात आणि चांगली होतात, पण १५ माणसांची वांगी चिरून, भरून, पातेल्यात एकावर एक रचून न फुटता शिजवायची म्हणजे अख्खी एक शेगडी तासभर अडकली. त्यापेक्षा कोवळी गवार आण, मोडून आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेव, सकाळी ओवा-हिंगाची फोडणी, शेंगदाण्याचं कूट, चिमटीभर गूळ. गार झाली तरी चव जात नाही, हा तिचा मोठा गुण. सध्या नव्या शेंगा आल्यात, कूट घरीच भाजून कर, विकतच्या कुटाला कधी कधी खवट वास असतो.

पंचामृत सासूबाईंना हवंच असेल तर आदल्या दिवशी करून बरणीत भर, ते टिकतं. भजी मात्र नको. भजी म्हणजे कोणीतरी एकजण पंगत उठेपर्यंत कढईपाशी उभी, आणि ती कोण असणार हे तुलाही माहीत आहे.

लवंगी मिरची:

आमटीवर मी बोलणार कारण पथ्याची आमटी हा शब्द वाचून मला झोप येणार नाही 😀

कांदा-लसूण नाही म्हणून आमटी मिळमिळीत होत नाही, वाटण नीट भाजलेलं नसतं म्हणून होते. सुकं खोबरं किसून नाही, तुकडा आख्खा आचेवर धरून भाजा, वरून काळा पडला पाहिजे आणि तेल सुटून चिडचिड आवाज आला पाहिजे. मग तव्यावर धने, जिरं, तीळ, थोडी खसखस, ४-५ लवंगा, मिरे, दालचिनीचा तुकडा, सगळं वेगवेगळं भाजायचं कारण तीळ आधी उडतात आणि धन्याला वेळ लागतो. खोबऱ्यासकट बारीक वाटून घ्या. तिखटाला रंगासाठी ब्याडगी आणि जिभेसाठी संकेश्वरी, दोन्ही पाहिजेत, नुसती ब्याडगी घातली की दिसायला लालभडक आणि प्यायला पाणी.

फोडणीत मोहरी, जिरं, बरा हिंग, भरपूर कढीपत्ता, गॅस बारीक करून मग तिखट तेलात, लगेच वाटण, ते तेल सुटेपर्यंत परता, मग कट घाला. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, आणि दोन चमचे शिजलेली डाळ किंवा पुरण, जास्त नको. आमटी पातळच पाहिजे, वाटीला तोंड लावून भुरका मारता आला पाहिजे. भाताबरोबर कालवताना वरण वाटायला लागली तर चुकलं.

१५ जणांना कट पुरत नाही ही तक्रार नेहमीची. १ किलो डाळीच्या मध्यम पोळ्या साधारण २५ ते ३० होतात, तुम्हाला दीड किलो तरी लागणार. डाळ कुकरला न लावता मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवा, वर येणारा फेस काढा, डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, मग गरम असतानाच चाळणीवर ओता. पाणी कमी पडलं तर वरून साधं पाणी घालण्यापेक्षा निथळलेल्या डाळीवर कपभर उकळतं पाणी ओतून तेही कटात घ्या.

एक गोष्ट मात्र पाळा, काढलेला कट रात्रीसाठी तसाच ओट्यावर ठेवू नका, ऑक्टोबरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतो. दुपारीच आमटी पूर्ण उकळून ठेवा, रात्री पुन्हा कढवा. मुरल्यामुळं उलट भारीच लागते.

हलगी:

बरं, मटणाचा विषय सोडला. पण टायमिंगचं सांगतो कारण त्याचा कुणी विचारच करत नाही.

अंबाबाईची आणि भवानीची पालखी चौकात येणार, मग आपले छत्रपती महाराज त्यांच्या जुन्या मेबॅक गाडीतनं येणार, सूर्यास्ताला शमीपूजन, आणि त्यानंतर सोनं लुटायची जी झुंबड उडते त्यातनं बाहेर पडायला वेळ लागतो. रस्ते बंद असतात म्हणून गाडी लांब लावलेली. परत येताना सरळ घरी कोण येतंय? वाटेत मामाच्यात सोनं द्यायचं, मग मित्राच्यात, मग शेजारच्या काकूंच्यात, आणि प्रत्येक घरी हातावर पेढा, प्लेटीत चिवडा, वर "चहा तरी घ्या". पानावर बसायला नऊ वाजतात आणि तोवर निम्मी माणसं अर्धी भरलेली असतात. वैनी तुम्ही १४ पदार्थ केलेत तर ७ डब्यात जाणार हे लिहून ठेवा.

रंकाळा संध्याकाळ:

हलगी १०० टक्के बरोबर. आमच्यात तर बाबा घरी आले की आधी डोकीवरचे घटाचे तुरे काढून देवापुढं ठेवतात आणि मग म्हणतात मला नुसता दहीभात दे.

वडीवर माझं मत. अळूवडी आणि कोथिंबीर वडी दोन्ही कशाला, एक निवडा, आणि मी अळू म्हणेन. परतीच्या पावसानं कोथिंबिरीची जुडी महाग असते आणि चिखलानं भरलेली असते, निवडून, धुऊन, पसरून वाळवायची, ओली राहिली की पीठ जास्त लागतं आणि मग ती बेसनाची वडी होते. अळू कपिलतीर्थ मंडईत चांगलं मिळतं, पण वडीचंच मागा, काळपट देठाचं, भाजीचं हिरवं अळू माथी मारतात. पानाच्या मागच्या शिरा लाटण्यानं दाबून घ्या, बेसनात थोडं तांदळाचं पीठ म्हणजे कुरकुरीत होते, आणि चिंच सढळ हातानं, नाहीतर नणंदेचे यजमान यंदा घसा खाजवत विचारतील 😄 उंडे खंडेनवमीच्या रात्रीच वाफवून ठेवा. गार झाले की कापताना सुटत नाहीत. रात्री सगळी हातपाय धुवेपर्यंत तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडनं भाजून होतात, कढई चढवायचीच नाही.

पुण्यात अडकलेला:

मी त्या यजमानांच्या बाजूचा 🙏 पुण्यात राहून कोल्हापूरला जेवायला येणाऱ्या माणसाला काय पाहिजे असतं सांगू का, हिरव्या मिरचीचा खर्डा. लसूण नाही चालणार तर मिरच्या तेलावर डाग पडेस्तोवर भाजा, जाडं मीठ, जिरं, भाजलेले शेंगदाणे, तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडा. लसणाचा खर्डा तो खर्डाच, पण हाही पोळीबरोबर जमून जातो. दहा मिनिटांचं काम आहे आणि आमटी कशीही झाली तरी इज्जत राहते.

मिरजकर तिकटीची सून:

सगळ्यांचे लई आभार. वाचून दाखवलं घरात. वांगी गेली, भजी गेली, कोथिंबीर वडीला जाऊबाई थोड्या हळहळल्या पण गेली. गवार आली, खर्डा आला (सासूबाई म्हणाल्या "त्याला दोन चमचे जास्तच वाढ"). कुरडया आणि सांडगी मिरची दुपारी तळून डब्यात, गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही हे मला ठाऊक आहे.

आता दोनच राहिलं. मसालेभातावर सासूबाई अडून बसल्यात. आणि चुलत सासऱ्यांना शुगर आहे, त्यांच्यापुढं पुरणपोळी वाढायची का नाही, न वाढावी तर वाईट दिसतं.

आजऱ्याची:

भातावर मी बोलते, आमच्या गावचा विषय आहे. कटाची आमटी केल्यावर मसालेभात करूच नये, दोन्हीत लवंग-दालचिनी, एकमेकांची चव खातात. या आमटीला पांढरा साधा भातच पाहिजे आणि जमलं तर आजरा घनसाळ आणा, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. शिजताना वास शेजारपर्यंत जातो, सासूबाईंना सांगा की मसालेभातापेक्षा भारी वाटेल, वाटेलच. फक्त जुना तांदूळ मागा, नवा असेल तर पाणी कमी घाला, दाणा बारका आणि मऊ असतो, लवकर गिच्च होतो. आणि हा आयत्या वेळी करायचा, सगळी सोनं देत फिरत असताना कुकर नको लावून ठेवायला.

खासबागची काकी:

सासऱ्यांचं वाढायच्या आधी त्यांनाच बाजूला विचार, पंगतीत सगळ्यांसमोर नको. आमचे दीर तसेच आहेत, त्यांची बायको त्यांना अर्धी पोळी तुपाबरोबर देते आणि बाकीचं पोट ज्वारीच्या भाकरीवर, गवार आणि खर्ड्याशी. भाकरी एकट्यासाठी केली की त्यांना आजारी असल्यासारखं वाटतं म्हणून ती ५-६ जास्त करते. आणि बघशील तू, भाकऱ्या आधी संपतात, पुण्याची माणसं तर तुटून पडतात.

गुळवणीचं पण बघ जरा. नवा गूळ दिवाळीच्या पाडव्याला सौदे निघाले की खरा सुरू होतो, आत्ता दुकानात बराचसा गेल्या हंगामातला असतो, कधी कधी खारट निघतो. आधी खडा तोंडात टाकून बघ, मग घे. नारळाचं दूध घालायचं असेल तर गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार झाल्यावरच घाल. नाहीतर गुळवणी सोड आणि गंगावेशीतनं कट्ट्यावरचं धारेचं दूध आणायला लाव नवऱ्याला, पोळी दुधात कुस्करून खाणारी पोरं खूश.

आणि कोशिंबीर. काकडी दुपारी कोचवून ठेवली तर चालेल, पण मीठ, दही, कूट सगळं वाढायच्या आधी पाच मिनिटं. हे काम नणंदेला सांग, ती पाहुणी नाही, घरचीच आहे.

मिरजकर तिकटीची सून:

नणंद हा ग्रुप वाचते काकी 😂

मिरजकर तिकटीची नणंद:

वाचते. कोशिंबीर मी करते, पण फोडणीत मिरची मोडून घालणार, पोरांना तिखट लागलं तर बोलायचं नाही. आणि वहिनी, भाकऱ्या ६ नको, १० कर.