सॉल्टेअरचा ‘सुवर्णकाळ’ आणि आपली छायाचित्रे

दगडफूल: काल येथे एका सदस्याने इंग्लंडमधील सॉल्टेअर या गिरणीगावाची छायाचित्रे टाकून ‘कामगारांचा सुवर्णकाळ जपणारे गाव’ असे लिहिले, तेव्हापासून गप्प बसवत नाही. गिरणीमालक टायटस सॉल्टने ब्रॅडफर्ड शहराच्या धुरापासून दूर 1853 मध्ये नवी गिरणी सुरू केली आणि शेजारी पाणी व गॅसची सोय असलेली दगडी घरे बांधली, हे खरेच. पण मुकादमांची घरे मोठी, गावात तेव्हा पब नाही आणि पगार देणारा व घरभाडे घेणारा एकच, हे छायाचित्रात कुठे दिसते? जपले जाते ते मालकाचे औदार्य. पाठीला पाठ लावून बांधलेली ‘बॅक टु बॅक’ खुराडी मात्र पाडली गेली. उरले ते बर्मिंगहॅममधील अशा घरांचे एक आवार, तेही 2004 पासून तिकीट काढून पाहायचे.

निवांत: एकच आवार? लीड्समध्ये अशी हजारो घरे आजही नांदती आहेत. 1909 च्या कायद्याने बंदी घातल्यानंतरही तेथे ती 1937 पर्यंत बांधली जात होती. अशाच एका घरात मी चार वर्षे भाड्याने राहिलो. वारा एकाच बाजूने येई, हे मान्य. पण तीन बाजूंच्या शेजाऱ्यांची ऊब हिवाळ्यात फुकट मिळे. खुराडे म्हणू नका.

उंबरठा: आमचे घरही असेच जुने, वारसा सूचीत म्हणजे जतनासाठी संरक्षित इमारतींच्या यादीत आहे. समोरची लाकडी खिडकी कुजली, म्हणून दुहेरी काचेची बसवायची होती, नकार आला. परवानगीविना बदलली असती, तर तो फौजदारी गुन्हा ठरला असता. छायाचित्रे पाहुणे काढतात, थंडी आम्ही काढतो.

चुनखडी: खिडकीला दोष देण्यापूर्वी भिंतीला काय फासले आहे ते सांगा. अशा जुन्या घरांच्या भिंती भरीव असतात, मध्ये पोकळी नसते. चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते आणि वरून सिमेंट लावले की आतच कोंडते. ओली भिंत थंडच राहणार. मूळ चौकटीला धक्का न लावता आतून दुसरी काच बसवता येते, हे आपण विचारले तरी होते का?

उंबरठा: आपण माझ्या घरी कधी आला होता? सिमेंट आधीच्या मालकाने लावले आहे, आणि त्यामुळे ओल वाढली हेही मला ठाऊक आहे. ते खरवडण्याचा खर्च आपण उचलणार असाल, तर पत्ता कळवतो.

दगडफूल: धागा खिडक्यांवर नव्हता, एवढे नम्रपणे सुचवतो. लीड्सबाबत माझी चूक झाली. ‘एकच आवार उरले’ हे बर्मिंगहॅमपुरतेच खरे. पण निवांत यांनी माझेच म्हणणे बळकट केले आहे, कारण लीड्सच्या त्या घरांसमोर ‘सुवर्णकाळ’ म्हणून कोणी छायाचित्र काढून घेत नाही. कामगारांचा वारसा जपायचा, तर तीही सूचीत हवीत.

निवांत: कृपा करा, तेवढे करू नका. माझ्या घरमालकाने प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या होत्या. दिसायला भयंकर होत्या, पण मी एकही हिवाळा कुडकुडलो नाही.