मदत हवी आहे: गॅरेजच्या कोब्यासाठी टिकाऊ आणि देखणं कोटिंग कोणतं?

पुण्यात १० × २० फुटांचं गॅरेज आहे. आयपीएस (म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा) कोबा ८ वर्षांचा, वर कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटलेला. गाडी उभी राहते तिथे तेलाचे डाग आहेत, भिंतीलगत एक बारीक भेग. शटर पश्चिमेला असल्याने दुपारचं ऊन पाच-सहा फूट आत येतं. पेंटर म्हणतो फ्लोअर पेंटचे दोन हात पुरेत, दुकानदार इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून करायचं कोटिंग) सुचवतो. रंगीत चिप्स (रंगाचे पातळ तुकडे) टाकलेलं ग्रॅनाइटसारखं फिनिश आवडलं आहे. टिकेल का? पावसाआधी उरकावं का?

प्रतिसाद १

फ्लोअर पेंट नको. लांबून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. त्याखाली पातळ रंग मऊ पडतो, टायर थंड होताना आक्रसतो आणि रंगाचा पापुद्रा ओढून घेतो. चाकांच्या जागी चार टकलं पडतात ती अशी.

पण इपॉक्सी ठरवण्याआधी ओल तपासा. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा कोबा काळपट झाला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. मग साधं इपॉक्सी फोड धरून उचकटणारच. अशा वेळी पैसे पार्किंग टाइल्समध्ये घाला, हे माझं स्पष्ट मत.

प्रतिसाद २

ओल नसेल तर खरी अडचण ती घोटाई आहे. वरचा सिमेंटचा थर काचेसारखा आणि कमकुवत असतो. इपॉक्सी त्याला छान चिकटतं, पण तो थरच खालच्या कोब्यापासून सुटतो. निघालेला पापुद्रा उलटून बघा, मागे राखाडी सिमेंट चिकटलेलं दिसेल.

आधी डाग डीग्रीझरने (तेल काढणाऱ्या द्रावणाने) दोनदा घासून धुवा, नाहीतर ग्राइंडर फिरवताना तेल सगळीकडे पसरतं. सुकल्यावर डायमंड ग्राइंडर फिरवा, व्हॅक्यूम जोडून आणि एन-९५ मास्क लावून. हाताला बारीक सँडपेपरसारखं लागलं पाहिजे. पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर अजून घासा. भेग व्ही आकारात उघडून इपॉक्सी आणि बारीक क्वार्ट्झ वाळूने भरा.

साधारण १८.६ चौरस मीटर होतात. प्रायमर ३ लिटर, सॉल्व्हंट नसलेलं इपॉक्सी ६ लिटर (०.३ मिमी थर), पूर्ण झाकायला चिप्स ११-१२ किलो, टॉपकोट साडेतीन लिटर. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून टॉपकोट (सगळ्यात वरचा हात) उन्हात पिवळा न पडणारा, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिकच घ्या. तुमच्या पश्चिमेच्या शटरला यात तडजोड नाही.

धागाकर्ता

ग्राइंडरऐवजी अ‍ॅसिड चालेल का? आणि मेमध्ये करू का?

प्रतिसाद २

अ‍ॅसिड नको. तेल मुरलेल्या जागी ते काम करत नाही, धुण्यात कसूर राहिली तर क्षार मागे उरतात, आणि सुकलेला कोबा पुन्हा भिजतो.

मेमध्ये जमेल, पण प्रायमर संध्याकाळी मारा. सकाळी कोबा तापत असतो, आतली हवा फुगून बाहेर येते आणि टाचणीएवढी भोकं पडतात. इपॉक्सीचं मिश्रण २५ अंशांना ३०-४० मिनिटं टिकत असेल, तर ३५ अंशांना जेमतेम निम्मा वेळ मिळतो. बादलीत ठेवलं तर आणखी तापून घट्ट होतं. कालवलं की लगेच जमिनीवर पट्ट्यांत ओता आणि दातेरी स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या ओढणीने) ओढा. कालवताना कडा खरवडून दुसऱ्या बादलीत ओता आणि पुन्हा ढवळा. कडेचं न मिसळलेलं रेझिन जिथे पडतं, तिथे कायमचा चिकट डाग राहतो.

इपॉक्सी ओलं असतानाच चिप्स वर उडवून टाका, म्हणजे पसरून पडतील. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पट्टीने खरवडा, व्हॅक्यूम करा, मग टॉपकोट. गाडी ७ दिवसांनी आत.

प्रतिसाद १

पावसात मात्र हात लावू नका. हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असला की इपॉक्सीवर पांढुरकी, तुपकट साय धरते आणि पुढचा हात तिच्यावर बसत नाही. मे हुकला तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा आणि प्लास्टिकची चाचणी तेव्हा पुन्हा करा.