नऊ वेळा उपांत्य फेरी, कप शून्य : न्यूझीलंडला मोठा संघ म्हणायचं की नाही?

ओट्यावरचा (धागाकर्ता)

काल रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये या विषयावरून एवढं वाजलं की शेवटी वॉचमनने दिवे घालवले. उरलेलं भांडण इथे आणतोय.

"कप किती?" एवढं एकच विचारून संघाची लायकी ठरवायची आपल्याला वाईट खोड आहे. पुरुषांच्या एकदिवसीय विश्वचषकाच्या १९७५ ते २०२३ अशा १३ स्पर्धा झाल्या. त्यात न्यूझीलंड नऊ वेळा शेवटच्या चारांत होता. ऑस्ट्रेलियाही नऊच वेळा. आपण आठ, इंग्लंड-पाकिस्तान प्रत्येकी सहा. आणि हा देश केवढा, तर पन्नासएक लाखांचा. पिंपरी-चिंचवड धरलं तर आपलं पुणं त्याहून मोठं भरतं. त्यातही तिथलं धट्टंकट्टं पोरगं आधी रग्बीकडे जातं, उरलं तर क्रिकेटला मिळतं.

आता २०१९ चा लॉर्ड्सचा अंतिम सामना घ्या, न्यूझीलंड वि. इंग्लंड. दोघांच्याही २४१. सुपर ओव्हरमध्ये दोघांच्याही १५. मग कप कशावर गेला? सीमापार चेंडू कोणी जास्त मारले यावर, इंग्लंडचे २६ विरुद्ध न्यूझीलंडचे १७. पुढे आयसीसीने तो नियमच काढून टाकला, म्हणजे चुकलं होतं हे त्यांनाही कळलं. तरी आपल्या पार्किंगमधले विद्वान म्हणणार, "पण कप कुठाय?"

माझ्या मते इंग्लंडपेक्षा न्यूझीलंड एकदिवसीय क्रिकेटमध्ये मोठा संघ आहे. बोला.

वाढपी

नऊ पंगतींना पाटावर बसले आणि नऊही वेळा वरण-भात यायच्या आत उठवले गेले. याला आमच्याकडे जेवलो म्हणत नाहीत.

आकडेमोड

धागाकर्त्याने आकडे बरोबर दिलेत, पण सोयीच्या ठिकाणी थांबलेत. नऊ-नऊची बरोबरी पुढे कुठे जाते बघा. ऑस्ट्रेलिया त्या नऊपैकी आठ वेळा अंतिम सामन्यात गेला आणि सहा वेळा जिंकला. उपांत्य फेरीत अडकला तो एकदाच, २०१९ ला. न्यूझीलंड नऊपैकी फक्त दोनदा अंतिम सामन्यात, २०१५ आणि २०१९. म्हणजे सात वेळा उपांत्य सामन्यातच माती खाल्ली. एकदा-दोनदा झालं तर नशीब म्हणू. सात वेळा? अहो, मग तो स्वभाव झाला.

लॉर्ड्सबद्दल हळहळ मलाही आहे. पण एका हळहळीवर बाकीचे सात पराभव झाकू नका.

ओट्यावरचा

@आकडेमोड, सात-सात काय लावलंय! १९९२ बघा. न्यूझीलंडने साखळीतले पहिले सात सामने ओळीने जिंकले. हरले ते फक्त पाकिस्तानकडून, शेवटच्या साखळी सामन्यात आणि मग ऑकलंडला उपांत्य फेरीत. कप्तान मार्टिन क्रो ९१ करून मांडी धरून बसला, क्षेत्ररक्षणाला येऊ शकला नाही. इंझमामने ३७ चेंडूंत ६० ठोकल्या. संपलं.

आणि ज्या पाकिस्तानने कप नेला त्यांचं काय? अ‍ॅडलेडला इंग्लंडसमोर ७४ मध्ये आटोपले होते. पाऊस आला, सामना रद्द, एक गुण पदरात. त्या एका गुणाच्या फरकाने ते ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजच्या पुढे जाऊन शेवटच्या चारांत बसले. कपावर इम्रानचं नाव आहे, पण थोडं अ‍ॅडलेडच्या ढगांचंही असायला हवं.

वाढपी

ढग सगळ्यांवर येतात. इम्रानने छत्री उघडली, क्रोने नाही.

नेहरू स्टेडियमचा जुना भिडू

नियम-बियम राहू द्या, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. २९ फेब्रुवारी १९९६. मी दहावीला, बोर्डाची परीक्षा तोंडावर. "लायब्ररीत अभ्यासाला जातो" सांगून सायकल काढली ती थेट स्वारगेटला. विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडिज वि. केनिया. लारा बघायचा, एवढंच डोक्यात.

केनिया १६६ मध्ये बाद. त्यात सर्वांत जास्त धावा कुणाच्या, तर अवांतर, ३७! त्यांच्या टिकोलोच्या २९. आम्ही म्हटलं, आता लारा येणार, तासाभरात उरकणार, चार वाजता घरी. लारा आला, ८ केल्या आणि रजब अलीच्या चेंडूला बॅटची कड लागून मागे गेला. यष्टिरक्षक तारिक इक्बाल, अंगाने गोलमटोल. त्याने तो झेल कसाबसा पोटाशी, पायांशी असा कुठेतरी दाबून धरला. चेंडू राहिलाय यावर त्याचाच विश्वास बसत नव्हता. सगळं स्टेडियम क्षणभर गप्प, आणि मग जो ओरडा झाला! लाराला बघायला आलेले आम्ही सगळे पुढच्या मिनिटाला केनियाचे झालो. वेस्ट इंडिज ९३ मध्ये खल्लास. कप्तान ओडुंबेचे तीन बळी, १५ धावांत.

आता माझा मुद्दा. त्याच वेस्ट इंडिजने नंतर ऑस्ट्रेलियाला हरवलं, कराचीत दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढलं, आणि मोहालीच्या उपांत्य सामन्यात २०८ चा पाठलाग करताना २ बाद १६५ वर होते. हरले पाच धावांनी. त्या दिवशी आणखी एकाने डोकं शांत ठेवलं असतं, तर केनियाकडून ७३ धावांनी मार खाल्लेला संघ लाहोरला अंतिम सामना खेळला असता. मग मोठा संघ कोणता, हे कुठल्या दिवशी विचारायचं?

@ओट्यावरचा, तुम्हालाही एक चिमटा. शेवटच्या चारांत येणं हेच माप धरलं, तर केनियाचा आकडा एक आहे (२००३), झिम्बाब्वेचा आणि बांगलादेशाचा शून्य. केनियाला वाढवायचं का मग?

आकडेमोड

२००३ ला न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला खेळायलाच गेला नाही, त्याचे गुण केनियाला मिळाले. धागाकर्त्याच्या लाडक्या संघानेच केनियाला जिना लावून दिला.

ओट्यावरचा

मान्य. पण त्या केनियाने श्रीलंकेला मैदानात हरवलं होतं, तेही सांगा. आणि मी एकदा येण्याबद्दल बोलत नाहीये. पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा येण्याबद्दल बोलतोय. केनिया परत आला नाही. वेस्ट इंडिज तर पहिले दोन कप जिंकून २०२३ च्या स्पर्धेला पात्रसुद्धा ठरला नाही, पात्रता फेरीत स्कॉटलंडने हरवलं. नुसते कप मोजले तर वेस्ट इंडिज आणि आपण बरोबरीत, दोन-दोन. पटतं?

सांगलीची लेक

अर्धा धागा वाचून झाला, आणि "विश्वचषक" म्हणजे फक्त पुरुषांचा हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं दिसतंय. धागाकर्त्याने निदान "पुरुषांच्या" असा शब्द तरी घातलाय, त्याबद्दल आभार.

२०२५ चा महिला विश्वचषक घ्या, सगळ्यांची उत्तरं तिथे मिळतात. साखळीत आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा तिघींकडून ओळीने हरलो. स्मृतीला शिव्या घालणारे माझ्याच घरात होते, सांगलीचे असून! सात गुणांवर चौथ्या क्रमांकाने कशाबशा उपांत्य फेरीत. समोर ऑस्ट्रेलिया, तोवर एकही सामना न हरलेली. त्यांनी ३३८ केल्या. जेमिमा नाबाद १२७, आपण जिंकलो. मग २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी. शफाली तर मूळ संघातही नव्हती, प्रतिकाला दुखापत झाली म्हणून आली, आणि ८७ धावा नि दोन बळी.

उलट २०२३ ला आपले पुरुष ओळीने दहा सामने जिंकले आणि अकरावा, म्हणजे अंतिम सामना, हरले. धागाकर्त्याच्या हिशेबाने रोहितचा संघ मोठा आणि हरमनचा बेताचा. माझ्या हिशेबाने ज्यांनी कप उचलला त्या मोठ्या. २०१७ ला लॉर्ड्सवर अंतिम सामना नऊ धावांनी हरलो तेव्हा "छान खेळल्या हो पोरी" हे इतकं ऐकलंय की त्या वाक्याचा वीट आलाय. छान खेळलेल्यांना कुणी लक्षात ठेवत नाही.

वाढपी

ताईंना वरण-भात, वर तूप.

ओट्यावरचा

ताई, हरमनचा संघ बेताचा असं मी कधीच म्हणणार नाही, तेवढा मूर्ख नाही. पण प्रामाणिकपणे सांगा, त्या स्पर्धेत सर्वांत सातत्याने कोण खेळलं? ऑस्ट्रेलिया. एक दिवस बिघडला. विजेता आपण, यात वाद नाही. विजेता आणि सर्वोत्तम हे दोन शब्द मराठीत उगाच वेगळे नाहीत.

सांगलीची लेक

ऑस्ट्रेलियाच्या बायकांकडे सात कप आहेत, त्यांची काळजी तुम्ही करू नका. बिघडायला नको अशा दिवशी ज्याचा दिवस बिघडतो तो सर्वोत्तम कसा?

गहुंजेला भाजलेला

मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. ऑक्टोबर २०२४, न्यूझीलंडविरुद्धची गहुंजेची कसोटी. मी हुशारीने रविवारचं, म्हणजे चौथ्या दिवसाचं तिकीट काढलेलं. डबा काय न्यायचा इथपर्यंत ठरलं होतं. शनिवारी सामना संपला! सँटनरचे १३ बळी, आपण ११३ धावांनी गार. बारा वर्षांत घरच्या मैदानावर मालिका हरलो नव्हतो, ती त्यांनी इथे पुण्यात घेतली आणि पुढे मुंबईत ३-० केली. विल्यमसन एकही कसोटी खेळला नव्हता. घरात घुसून ३-० करणाऱ्याला मी तरी लहान म्हणणार नाही.

आणि विसरू नका, २०२१ ची पहिली कसोटी अजिंक्यपदाची गदा त्यांनीच जिंकली. अंतिम सामन्यात कोणाला हरवून? आपल्यालाच.

आकडेमोड

याच गहुंजेवर २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने याच न्यूझीलंडला १९० धावांनी तुडवलं होतं, हेही लिहा. डी कॉक ११४, व्हॅन डर डुसेन १३३. तुम्ही बहुधा त्या दिवसाचं तिकीट काढलं नव्हतं.

पण दक्षिण आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर मी थोडा मागे येतो. १९९९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत बर्मिंगहॅमची ती बरोबरी, डोनाल्ड धावबाद. २००३ ला दर्बानला पावसाचा हिशेब चुकून पुन्हा बरोबरी. २०२४ ला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बार्बाडोसमध्ये ३० चेंडूंत ३० हव्या असताना आपल्याकडून हार. मीही "हा त्यांचा स्वभाव" असंच म्हणायचो. मग जून २०२५ ला लॉर्ड्सवर २८२ चा पाठलाग, मार्करम १३६, बवुमा लंगडत धावत होता, आणि ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद. त्यामुळे न्यूझीलंडबद्दलचा "स्वभाव" हा शब्द मागे घेतो. "सवय" म्हणा. सवय सुटते. सात पराभव मात्र मागे घेत नाही.

ओट्यावरचा

चला, एक शब्द तरी सुटला. पार्किंगमध्ये तेवढंही झालं नव्हतं. पण इंग्लंडपेक्षा न्यूझीलंड मोठा, हे अजून कोणी खोडलेलं नाही बरं का.

वाढपी

इंग्लंडकडे कप आहे. खोडलं.

@जुना भिडू, बाकी जाऊ द्या, त्या दिवशी घरी कळलं का?

नेहरू स्टेडियमचा जुना भिडू

कळलं ना. सायकल लावली, दप्तर ठेवलं, हात-पाय धुऊन गणिताचं पुस्तक उघडून बसलो. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्या लाल झालेल्या मानेकडे पाहिलं आणि विचारलं, "लायब्ररीचं छप्पर कधी काढलं?" मग जरा थांबून म्हणाले, "लारा किती?"