मे महिना, पोटात बाळ, कडेवर लेकरू आणि रातांब्यांची करंडी: कुठलं काम मध्येच सोडता येतं? (अनुभव धागा)

आगळ
आज मंडईत पहिले रातांबे (कोकमाची फळं) दिसले. तो आंबूस वास नाकात गेला आणि पडवीतली चिनी मातीची बरणी, लाल झालेली बोटं, सगळं एकदम आठवलं. धाग्याला निमित्त तेवढंच.

पाककृती सगळ्यांकडे असतात. पण सातवा महिना चालू आहे, दोन वर्षांचं पोर पायात घोटाळतंय, कुंड्यांना पाणी घालायचंय आणि मृगाच्या आत सगळं आटपायचंय, अशा बाईला खरी माहिती वेगळीच लागते: कुठल्या टप्प्यावर हात धुऊन उठता येतं आणि कुठे नाही. ते लिहा. मापं, वेळ, काय बिघडतं, का बिघडतं.

रातांब्यापासून सुरू करते. धुऊन पुसून कोरडे करायचे, अर्धे कापायचे, बिया आणि गर वेगळा. आगळाला (मिठातला कोकमाचा रस) किलोभर सालींना १६० ते २०० ग्रॅम जाडं मीठ. अमृत कोकमाला (साखरेतलं सरबत) एक किलो सालींना दोन किलो साखर, वाटीसारख्या अर्ध्या सालीत भरून थरावर थर. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. अ‍ॅल्युमिनियम, पितळ, लोखंड अजिबात नको, आंबटाने धातू उतरतो. एकदा मीठ किंवा साखर लागली की मग रोज एकदा लाकडी चमच्याने ढवळायचं, बस. आठवडाभर ते आपलं आपण सुटतं. म्हणजे हे सोडता येणारं काम. न सोडता येणारा टप्पा एकच, कापणं. कापलेले रातांबे मीठ-साखरेशिवाय रात्रभर ठेवले तर सकाळी बुरशीचा वास येतो. म्हणून एका बैठकीला एकच किलो.

मोगरी
आमसुलं मात्र या वर्षी सोडून द्या ज्यांना आठवा-नववा आहे. सालं गराच्या खारट रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं चार-पाच वेळा. रोज ताटं वर न्या खाली आणा. त्यात वळीव आला तर धावाधाव, आणि ओल्या गच्चीवर पाय घसरणं या दिवसांत परवडणारं नाही. आगळ करा, आमसुलं विकत घ्या.

गच्चीतली बाग
कुंड्यांचं सांगते. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट १५ किलोच्या वर जाते. ती उचलायची नाहीच, जागेवर ठेवून तगारीतून थोडी थोडी माती भरायची. मातीत कोकोपीट आणि पालापाचोळा जास्त घातला की वजनही कमी आणि पाणीही कमी लागतं. कुंडीच्या तोंडावर नारळाची सोडणं पसरा, भर उन्हाळ्यातही एका पाण्यावर भागतं. बादली नको, पाइप.

हातमोजे घातल्याशिवाय मातीत हात घालू नका. मांजरं कुंड्यांत घाण करतात, त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो आणि गरोदरपणात तो बाळापर्यंत पोचू शकतो. बागेतला पुदिना, कोथिंबीर, खाली पडलेल्या कैऱ्या, सगळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं. जास्वंदीवर या दिवसांत पिठ्या ढेकूण येतो. फवारणीचं औषध आणू नका, पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने, दर तीन दिवसांनी. नाहीच गेला तर लिटरला ५ मिली साबणाचं पाणी.

तिखटमीठ
कैरीचं लोणचं दोन दिवसांत तोडून करता येतं. पहिला दिवस: एक किलो फोडी, १५० ग्रॅम मीठ, दोन चमचे हळद, झाकून ठेवा. दुसरा दिवस: सुटलेलं पाणी वेगळं काढा, फोडी कापडावर सावलीत तीन-चार तास. मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ७५, तळलेल्या मेथीची पूड १५, हिंग १५. तेल पाव लिटर, कडकडीत तापवून *पूर्ण गार* करून. कोमट तेल घातलं की मोहरी कडवट होते. बुरशी येते ती दोनच कारणांनी, बरणी ओली किंवा तेल फोडींच्या वर नाही. बोटभर तेल वर हवंच. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

निळीजास्वंद
लोणचं, आगळ सगळं ठीक आहे पण ज्यांना बीपी वाढलंय सांगितलंय त्यांनी हिशोब करा. एक टेबलस्पून आगळात साधारण दोन ग्रॅम मीठ येतं. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात. सोलकढीला बिनमिठाचा ताजा रातांब्याचा रस वापरा, किंवा आमसुलं भिजवून पहिलं पाणी टाकून द्या.

पडवी
+१ आणि साखरेचंही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी जी तपासणी करतात त्यात १४० किंवा वर आलं असेल तर साखरांबा, मुरांबा घरच्यांसाठी करा, स्वतः चाटून बघत बसू नका. पाक चाखता चाखता चार-पाच चमचे सहज जातात पोटात.

तिखटमीठ
आले. पडवी, अगं मग तिनं खायचं काय उन्हाळ्यात? 🙂 पन्हं सांगते. कैऱ्या उकडून गर, त्यात गूळ अगदी नावाला, सैंधव चिमूट, वेलची. ते जेवणासोबत घ्या आणि लोहाची गोळी त्याच्या जोडीने. आंबटातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र गोळीच्या आधी-नंतर तासभर नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

सांजवात
माती खावीशी वाटते, कुंडीला पाणी घातलं की वास सहन होत नाही, असं कुणाला होतंय का? दुकानात भाजकी माती मिळते ती आणावी का?

निळीजास्वंद
आणू नकोस गं. असं वाटणं हे बरेचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन तपासून घे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग, लाजण्यासारखं काही नाही त्यात. मातीतून जंत आणि शिसं जाऊ शकतं.

सांजवात
थँक्यू ताई. उद्याच जाते.

साखरतार
साखरांबा. कैरीचा कीस एक किलो, साखर सव्वा ते दीड किलो (राजापुरी आंबट असेल तर दीड). कीस आणि साखर एकत्र करून पातेल्यात झाकून रात्रभर ठेवता येतं, सोडता येणारं काम. पण एकदा गॅसवर चढलं की एकतारी होईपर्यंत हलायचं नाही. पाक कच्चा राहिला तर महिनाभरात फेस येतो, पुढे गेला तर बरणीत साखर दाणेदार होते. पुढे गेलेला पाक थोडं गरम पाणी आणि लिंबाचा रस घालून परत आणता येतो. कच्चा राहिलेला परत आटवा.

आणि हे मूल उठायच्या आत, पहाटे. मागच्या शेगडीवर, पातेल्याचा कान आत वळवून. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटून राहतो. उडालाच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. पाकाने भिजलेला कपडा काढायचा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, तसंच दवाखाना.

गॅसजवळ उभं राहणं नको असेल तर छुंदा करा. तोच कीस, दीडपट साखर, थोडं मीठ-हळद, स्टीलच्या पातेल्यावर मलमल बांधून उन्हात आठ-दहा दिवस. दोन लहान पातेल्यांत विभागा, एक मोठं पातेलं उचलू नका.

आमराई
लेकरांच्या तोंडाभोवती पुरळ येतं त्याला लोक 'आंबा उष्ण' म्हणतात. बहुतेक वेळा तो देठाचा चीक असतो. आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा बोटभर भाग कापून टाका, लहानग्याला साल चोखायला देऊ नका, गर चमच्याने. खाण्याआधी ओठांभोवती खोबरेल लावलं तर चीक चिकटत नाही. खाऊन झालं की साबणाने तोंड.

आणि तयार पिवळाधमक आंबा आणण्यापेक्षा कच्चा घ्या, घरी आढी घाला. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी करंडीत पुड्या सापडतात. भाताच्या पेंढ्यात एकेक थर, दर दोन दिवसांनी उघडून बघायचं, पिकलेला आधी काढायचा. एक सडका राहिला तर शेजारचे चार जातात. हापूस साधारण आठ ते बारा दिवस घेतो. कापल्यावर आत पांढरट, आंबट, रबरासारखा भाग दिसला तर तो साका. तो पिकवण्यात झालेला दोष नाही, झाडावरच होतो, जमिनीकडून येणाऱ्या उष्णतेने. तेवढा भाग काढून बाकीचा रसाला चालतो.

टपोरी करवंद
रत्नामध्ये साका होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जात आहे, नीलम आणि हापूसचा संकर. बागेत एकच कलम लावायचं असेल तर माझं मत रत्नाला.

आमराई
चव हापूसची ती हापूसची पण 🙂 बाकी मान्य. फळमाशीला विद्यापीठाचाच रक्षक सापळा लावा, फवारणीची गरज कमी होते, घरात गरोदर बाई असताना तेच बरं.

गच्चीतली बाग
कोकम लावणार असाल तर बी रुजवू नका. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बीपासूनची बरीच झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. मादी झाडाचं मृदुकाष्ठ (कोवळ्या फांदीचं) कलम घ्या, 'कोकण अमृता' ही जात मागा.

मुलांना द्यायचं काम म्हणजे कोयी. रस काढलेली कोय धुऊन, बाहेरचं कवच काढून, लगेच पेरायची. महिनाभर वाळत ठेवलेली कोय रुजत नाही. हापूसच्या कोयीतून आईसारखं झाड येत नाही, पण खुंट म्हणून (वर कलम बांधायला) उपयोगी. तीन वर्षांच्या मुलाला रोज फुसफुस्या बाटलीने पाणी मारायला सांगा, अर्धा तास सुटतो आपला.

दूरदेशी
इथे जर्मनीत ऊन नाही आणि हापूस परवडत नाही. डब्यातल्या केसर रसाची आंबापोळी होते. तो आधीच गोड असतो, साखर घालू नका. बेकिंग पेपरला तूप चोपडून ३-४ मिमी थर, ओव्हन ६५-७० अंशांवर, दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, सहा ते आठ तास. मध्ये बंद करून दुसऱ्या दिवशी पुढे चालू केलं तरी चालतं, पण रात्री ट्रे फ्रिजमध्ये.

मोगरी
उन्हातल्या आंबापोळीलाही तेच. पहिला थर वरून कोरडा झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, आत ओल राहून आंबते. वर जाळी, माशीसाठी. रस टिकवायचा सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग फ्रीझर: पाव किलोच्या पिशव्या, किलोला दोन चमचे लिंबाचा रस, हवा काढून आडव्या चपट्या, बोटभर जाडीच्या. चपट्या असल्या की दहा मिनिटांत सुटतात. एकदा वितळलेलं परत गोठवू नका. बाटलीत गरम भरायचा असेल तर किलोला ५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड आणि बाटल्या उकळत्या पाण्यात अर्धा तास. ते काम मध्ये सोडता येत नाही, घरात दुसरं माणूस असेल तरच.

पोपटी
परसात पपई लगडलीय. कच्च्या पपईची टुटीफ्रुटी केली तर चालेल का? पाचवा महिना.

पडवी
कच्च्या पपईचा चीक या दिवसांत नकोच, सोलतानाही. तेच कलिंगडाच्या सालीचं कर, फरक कळत नाही. हिरवी साल आणि लाल भाग काढून पांढरा भाग एक किलो, बारीक चौकोन, दहा मिनिटं उकळून निथळ. ७५० ग्रॅम साखर आणि दोन वाट्या पाणी, त्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव. मग रंग घाल किंवा बीटचा रस. पाकातच २४ तास राहू दे, नंतर चाळणीवर दोन दिवस पंख्याखाली. हेही सोडता येणारं काम आहे.

लहानांना देताना चौकोन बारीकच हवेत. आणि जांभूळ, करवंद बिया काढूनच, चार वर्षांच्या आतल्यांना अख्खं नाही. घशात अडकतं.

टपोरी करवंद
फणसाचं कुणी लिहिलं नाही! कापा फणस गऱ्यांसाठी, बरका पोळीसाठी. हाताला, सुरीला, खालच्या वर्तमानपत्राला आधी खोबरेल. फोडणं दुसऱ्या कुणाला सांगा, वाकून जोर लावायचं काम आहे. गरे मात्र उंच स्टुलावर बसून सोलता येतात.

सांजवात
ताई, अजून एक. अमृत कोकम घातलंय, चौथा दिवस, वर फेस दिसतोय. टाकून देऊ का?

आगळ
थांब. वास कसा आहे? दारूसारखा, झोंबणारा असेल किंवा पांढरा-हिरवा कापूस दिसत असेल तर सगळं टाक, वरची बुरशी काढून खालचं वापरायचं नाही, तुझ्या दिवसांत तर नाहीच. वास नेहमीचा असेल आणि नुसते बुडबुडे असतील तर साखर तळाशी बसलीय. वरचा रस पातळ राहतो आणि तोच आंबायला लागतो. कोरड्या लाकडी चमच्याने तळापर्यंत ढवळ.

सांजवात
वास चांगला आहे. ढवळलं. तळाशी दोन बोटं साखर होती.

आगळ
मग झालं. आता रोज सकाळी दात घासून झाले की आधी ते ढवळ. आणि बरणी उचलू नकोस, जिथे आहे तिथेच.