डिस्क टिकटिकू लागल्यावर : घरच्या संगणकातले फोटो वाचवण्याचे आपले अनुभव

धागा सुरू करताना (पुण्याहून)

गेल्या महिन्यात आमच्या घरातला जुना संगणक सुरू करताना एक निराळाच आवाज येऊ लागला. दर दोन-तीन सेकंदांनी टिक्, पुन्हा टिक्, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि विंडोजचे चिन्ह उमटता उमटता सगळे गोठून जायचे. या संगणकात २००६ पासूनचे आमचे सगळे फोटो होते: मुलाचे बारसे, वाईचे घर पाडण्याआधी मुद्दाम खोलीखोलीतून काढलेले फोटो, आणि २००८ साली झालेली माझ्या वडिलांची एकसष्टी. वडील २०११ मध्ये गेले, त्यामुळे त्या फोल्डरचे मोल मी वेगळे सांगायला नको.

आवाज ऐकल्यावर मी जे केले ते सांगायला आता संकोच वाटतो, पण धागा मीच काढते आहे, तेव्हा सुरुवातही तिथूनच करावी. मी संगणक बंद करून पुन्हा लावला, तोही एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्या वेळी विंडोजने ‘डिस्क तपासू का’ असे विचारले आणि मी होकार देऊन झोपायला गेले. सकाळी तपासणी ११ टक्क्यांवर अडकलेली होती. ही तपासणी केवळ वाचत नाही, दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितेही, आणि जिचे हेड, म्हणजे आतल्या तबकड्यांवरून माहिती वाचणारे टोकच, निकामी होत चालले आहे अशा डिस्कला रात्रभर राबवणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला पर्वती चढायला लावण्यासारखे आहे, हे मला नंतर कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने समजावले.

त्याने डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली, पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू केले आणि डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम एकेक फाइल उचलत बसत नाही. तो अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडखळला की तो भाग सोडून पुढे जातो, जे सहज वाचता येते ते आधी पदरात पाडून घेतो आणि सोडलेल्या जागांची नोंद ठेवून त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळतो. १६० जीबीच्या डिस्कला तीन दिवस लागले आणि बहुतेक सारे आले. एकसष्टीच्या फोल्डरमधले एकतीस फोटो मात्र अर्धवट उतरले. वडिलांचा फेटा दिसतो, कपाळ दिसते, चष्म्याची वरची कड दिसते आणि तिथून खाली सपाट राखाडी पट्टा.

आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल. पहिल्या तासात आपण काय केले, हाती काय लागले आणि काय लागले नाही, हे कृपया क्रमाने लिहावे. ‘वेळीच बॅकअप घ्यायला हवा होता’ हे आपण सगळेच एकमेकांना सांगू शकतो, म्हणून ते वगळले तरी चालेल.

नाशिकहून

आमच्याकडे आवाज वगैरे काही झाला नाही. एके दिवशी बटण दाबले आणि सीपीयूचा पंखासुद्धा हलला नाही. दुरुस्तीवाला मुलगा घरी आला, पाच मिनिटे पाहून म्हणाला, ‘काका, चौदा वर्षांचं मशीन आहे, आता टाकून द्या.’ मी फोटोंचे विचारल्यावर त्याने खांदे उडवले. संगणक गेला म्हणजे फोटोही गेले, असेच मी त्या रात्री धरून चाललो आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता होती.

दुसऱ्या दिवशी भाचा आला आणि त्याने सांगितले की गेला आहे तो एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. डिस्कला बहुधा काहीच झालेले नसेल. मी उत्साहाने बाजारात जाऊन डिस्कचे केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायचा डबा) आणले, ते लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचे निघाले. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही, तिला १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे वेगळ्या अडॅप्टरसह मिळणारा जोड घ्यावा लागतो. तो आणल्यावर पाऊण तासात सगळे फोटो भाच्याच्या लॅपटॉपवर उतरले. संगणक बिघडणे आणि डिस्क बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे कळायला मला एक रात्र जागावी लागली.

सोलापूरहून

माझी डिस्क धडधाकट होती आणि तरी फोटो गेले. संगणक फार हळू चालतो म्हणून मी तो दुकानात दिला. तिथल्या माणसाने विचारले, ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, सी फॉरमॅट मारू ना?’ मी मान डोलावली, कारण माझ्या समजुतीप्रमाणे फोटो डीमध्ये होते. डेस्कटॉपवर ठेवलेले फोल्डर प्रत्यक्षात सी ड्राइव्हमध्येच असते, हे मला ठाऊक नव्हते. त्या फोल्डरमध्ये बहिणीचे लग्न होते. दुकानदाराला मी दोष देत नाही, पण ‘डेस्कटॉपवर काही आहे का’ हा एक प्रश्न त्याने विचारला असता तर बरे झाले असते.

सुदैवाने घरी आल्याबरोबर हे ध्यानात आले आणि मी त्या संगणकावर पुढे काहीही केले नाही. झटपट (क्विक) फॉरमॅट झाले तरी जुन्या फाइल लगेच पुसल्या जात नाहीत; त्यांची जागा मोकळी समजली जाते, आणि नवे काही लिहिले गेले की त्याखाली त्या गाडल्या जातात. इंटरनेट उघडणे हेही लिहिणेच आहे. मित्राच्या संगणकाला डिस्क जोडून आम्ही फोटोरेक हा गेलेल्या फाइल शोधणारा प्रोग्राम चालवला. तो फाइलची नावे पाहत नाही, जेपीजीची सुरुवात कशी असते ते ओळखून तुकडे उचलतो, म्हणून ‘एफ’ आणि पुढे सात-आठ आकडे अशा नावांच्या हजारो फाइल हाती आल्या. त्यांत संकेतस्थळांवरची बटणे, जाहिराती, गुलाबाची शुभेच्छापत्रे, सगळे होते. फोटोच्या आत कॅमेऱ्याचे नाव आणि तारीख नोंदलेली असते. त्या तारखेने चाळण लावल्यावर लग्नाचे दोन दिवस वेगळे काढता आले. नवी विंडोज जिथे बसली त्या जागेतले फोटो अर्थातच गेले. आमच्या वाट्याला त्यात सप्तपदी गेली. (एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असलेल्यांनी या अनुभवावर विसंबू नये. तिथे ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करते आणि मग फोटोरेकलाही काही सापडत नाही.)

चिपळूणहून

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छताला हात टेकेल इतके पाणी होते. ते ओसरल्यावर सीपीयू उचलला तेव्हा त्यातून वाशिष्ठीचा गाळ बदाबदा पडला. शेजारपाजारचे लोक टीव्ही, मिक्सर, मोबाइल सगळे उन्हात मांडत होते, आणि मीही डिस्क वाळवून लावून बघणारच होतो. माझ्या मेहुण्याने फोनवर शब्दशः ओरडून थांबवले. डिस्कच्या आवरणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असते. त्यातून गढूळ पाणी आत गेले असेल आणि ते आतच वाळले, तर गाळाचे कण तबकड्यांवर चिकटतात, आणि मग डिस्क फिरवली की हेड त्या कणांवरून घासत जाते. त्याच्या सांगण्यावरून मी डिस्क पुसलीसुद्धा नाही, ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि रस्ता सुरू झाल्यावर मुंबईला माहिती परत मिळवून देणाऱ्यांकडे पाठवली. घरात भांडी नव्हती, अंथरुणे नव्हती, आणि मी एका डिस्कसाठी बावीस हजार रुपये मोजतो आहे, याबद्दल नातेवाइकांनी बरेच ऐकवले. दीड महिन्याने सगळे फोटो परत आले. भिंतीवरच्या तसबिरी आणि कपाटातले अल्बम यांचा तर लगदा झाला होता, त्यामुळे आजोबांचा चेहरा आज आमच्याकडे आहे तो केवळ त्या डिस्कमुळे, कारण पुराच्या आदल्या वर्षी टाळेबंदीत बसल्या बसल्या मी जुने अल्बम स्कॅन केले होते.

न्यू जर्सीहून

माझी आई ठाण्याला असते. तिच्या लॅपटॉपचा पडदा गेला, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर आतेभावाला डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायला सांगितले. वरचे अनुभव वाचून हे सोपे वाटेल, पण डिस्क उघडताच संगणकाने ४८ आकडी किल्ली मागितली. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज डिस्क आपोआप कुलूपबंद करते आणि मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. आई म्हणाली, ‘अरे, मी कधी कुलूप लावलं? मला तर पासवर्डसुद्धा तूच करून दिलास.’ त्या वाक्यानेच उलगडा झाला. लॅपटॉप घेतला तेव्हा मी तो घाईत माझ्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला होता, आणि किल्ली त्या खात्यात जपून ठेवलेली होती. मी आकडे वाचत गेलो, आतेभाऊ टंकत गेला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा डिस्क उघडली. आईवडिलांचे लॅपटॉप ज्यांनी सुरू करून दिले आहेत त्यांनी ही किल्ली आजच कागदावर उतरवून त्यांच्या कपाटात ठेवावी.

छत्रपती संभाजीनगरहून

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून एकच तांत्रिक गोष्ट लिहितो. आजारी डिस्कवरून नेहमीप्रमाणे कॉपी-पेस्ट केले, तर एका खराब फाइलवर गाडे अडते. म्हणून जाणकार लोक विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा सुचवतात, पण ती जशीच्या तशी वापरली तर ती एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबते. हिशेब करून पाहिल्यास सुमारे साडेअकरा महिने होतात. पुन्हा प्रयत्न किती करायचे आणि मध्ये किती थांबायचे हे ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या पर्यायांनी ठरवता येते; दोन्हींपुढे १ लिहावा. अर्थात टिकटिक ऐकू येत असेल तर हेही करू नये, धागाकर्तीच्या सहकाऱ्याने केले तेच करावे.

साताऱ्याहून

माझा अनुभव चुकीचाच आहे, पण लिहिते. संगणक सारखा निळा पडदा दाखवू लागला, म्हणून मी शहाणपणा करून सगळे फोटो नव्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतले. मात्र घेताना ‘कॉपी’ऐवजी ‘कट’ केले, कारण जुन्या संगणकावरचा भार हलका होईल असे वाटले. आठवड्याभरात ती नवी डिस्क टेबलावरून पडली आणि पुन्हा फिरली नाही. म्हणजे जुना संगणक पुढेही वर्षभर कुरकुरत चालला आणि जिच्यावर भरवसा ठेवला तीच आधी गेली.

जुन्या संगणकात फोल्डर रिकामी दिसत होती. माझ्या पुतण्याने लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय निवडला, तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये थम्ब्स डीबी नावाची एक फाइल उरलेली दिसली. विंडोज एक्सपी फोटोंची छोटी चित्रे त्या फाइलमध्ये साठवत असे आणि मूळ फोटो हलवला तरी ते चित्र बऱ्याचदा तिथेच राहत असे. त्यातून चारशेच्या वर चित्रे निघाली, प्रत्येकाची मोठी बाजू ९६ पिक्सेलची, म्हणजे पडद्यावर टपाल तिकिटाएवढी. माझ्या सासूबाईंचा अंगणात मिरच्या वाळत घालतानाचा एक फोटो त्यात आहे. मोठा करायला गेले की नुसते चौकोन दिसतात, पण दूर धरले की त्यांची बसण्याची ढब ओळखू येते. तो मी तिकिटाएवढाच छापून घेतला आणि देवघराजवळ लावला.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. साताऱ्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून मीही डिस्कची प्रत पुन्हा उघडली. आमच्या एकसष्टीच्या फोल्डरमधली थम्ब्स डीबी फाइल मात्र खराब भागातच होती, त्यामुळे त्या वाटेने काही मिळाले नाही.

पण या निमित्ताने बारामतीच्या आत्याला फोन केला. तिला त्या वेळी आम्ही एकसष्टीच्या काही प्रती स्टुडिओतून छापून पाठवल्या होत्या, हे मी पार विसरले होते. तिने त्या साखरेच्या डब्यात, पॉलिश केलेल्या तांब्याच्या भांड्यांमागे ठेवल्या होत्या. एकतीसपैकी नऊ फोटो त्यात सापडले, आणि रविवारी जाऊन मी ते स्कॅन करून आणले. फेट्याचा फोटो त्यात नाही. वडील आईला पेढा भरवतानाचा आहे. त्याच्या कोपऱ्यावर साखरेच्या पाकाचा डाग पडला आहे, आणि तो काढायचा प्रयत्न मी अजून केलेला नाही.